वऱ्हाडातून दुबई: चार दिवसांच्या सहलीची आखणी

अकोला किंवा अमरावतीहून दुबईला जायचे तर आखणीची सुरुवात विमान कुठून धरायचे इथून होते. मुंबई ते दुबई हे अंतर सुमारे 1,900 किलोमीटर. विमानाला तीन-सव्वातीन तास पुरतात. अकोल्याहून मुंबई गाठायला मात्र रेल्वेत अख्खी रात्र जाते. घर ते विमानतळ हा प्रवास प्रत्यक्ष उड्डाणाच्या तिप्पट वेळ खातो, आणि तो वेळ कुठे बसवला यावर चार दिवसांतली दुबई हाती किती उरते हे ठरते. मुंबई-पुण्याच्या प्रवाशासाठी केलेले वेळापत्रक वऱ्हाडात जसेच्या तसे चालत नाही.

मुंबईमार्गे जाणाऱ्यांना रात्रीच्या दोन गाड्या सोयीच्या आहेत. अमरावती एक्स्प्रेस अमरावतीहूनच सुटते, विदर्भ एक्स्प्रेस बडनेरा आणि अकोला घेत जाते. दोन्ही सकाळी मुंबईत पोचतात. त्याच सकाळचे विमान घेण्याचे धाडस करू नये. गाडी दोन तास लेट झाली तर विमान थांबत नाही, आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी विमानतळावर असावे लागते. दुपारनंतरचे विमान घ्यावे. परतताना हाच हिशेब उलटा करावा: मुंबईहून या दोन्ही गाड्या संध्याकाळी निघतात, त्यामुळे विमान दुपारपर्यंत उतरले तर त्याच रात्री गाडीत बसता येते, नाहीतर मुंबईत मुक्कामाचा खर्च वाढतो. रिझर्व्हेशन विमानाच्या तिकिटासोबतच काढावे. दिवाळी आणि लग्नसराईत या गाड्यांचे वेटिंग लवकर हलत नाही.

दुसरा मार्ग नागपूरचा, आणि वऱ्हाडासाठी तो पुष्कळदा सरस ठरतो. नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळावरून एअर अरेबियाची शारजाला थेट सेवा आहे. अमरावती ते नागपूर साधारण 150 किलोमीटर, अकोला ते नागपूर 250. अकोलेकरांना मूर्तिजापूरमार्गे कारंजाला समृद्धी महामार्ग धरता येतो. हे विमान बहुधा पहाटे सुटते, म्हणजे रात्री जेवून घरून निघाले की सकाळी शारजा. शारजा हे दुबईला लागून असलेले दुसरे अमिरात. दोन्ही शहरे एकमेकांत मिसळली आहेत. मात्र सकाळी शारजाहून दुबईकडे आणि संध्याकाळी उलट दिशेने जाणाऱ्या रस्त्यावर वाहनांची प्रचंड कोंडी होते. अर्ध्या तासाच्या अंतराला दीड तास लागू शकतो हे धरूनच परतीच्या दिवशी निघावे. एअर अरेबिया ही कमी दरातली कंपनी असल्याने सामान आणि जेवण यांचे पैसे वेगळे पडतात. तिकिटाची तुलना करताना ते मिळवून बघावेत. वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलते, म्हणून आधी विमानाचा वार निश्चित करून मग सुटी टाकावी. नागपूरहून कतार एअरवेजची दोहालाही सेवा आहे. दुबईसाठी तो वळसा होतो. दोहाच बघायची असेल तर मात्र उत्तम.

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून 16 एप्रिल 2025 रोजी मुंबईची विमानसेवा सुरू झाली. छोटे एटीआर विमान, आठवड्यातले मोजकेच दिवस. वार जुळला तर रेल्वेतली रात्र वाचते. पण पुढचे विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर दोन्हींमध्ये भरपूर मोकळा वेळ ठेवावा, कारण पहिले विमान रद्द झाल्यास दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. अकोल्याच्या शिवणी विमानतळावरून असा पर्याय नाही.

हंगाम हा आखणीतला सर्वांत वजनदार निर्णय. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे मोठी सुटी उन्हाळ्यात, आणि नेमकी तेव्हाच दुबईची पॅकेजे स्वस्त. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो; 2024 च्या मे अखेरीस उष्णतेच्या लाटेमुळे जिल्हा प्रशासनाने कलम 144 लावले होते. असे ऊन सोसलेल्या माणसाला दुबईच्या उन्हाचे काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण दोन्ही उन्हाळ्यांची जात वेगळी. वऱ्हाडातला उन्हाळा कोरडा असतो. म्हणूनच तिथे वाळ्याच्या ताट्या आणि कूलर चालतात: कोरडी हवा ओल्या जाळीतून जाताना पाण्याची वाफ करते, वाफ होताना हवेतली उष्णता खर्ची पडते आणि झोत गार येतो. अंगावरचा घामही याच रीतीने शरीर गार करतो. दुबई वाळवंटात असली तरी ती उथळ आणि तापलेल्या आखाताच्या काठावर आहे. उन्हाळ्यात समुद्राची वाफ शहरावर साचून राहते. दमट हवेत घाम वाळत नाही, कूलरसारखे साधन निकामी ठरते आणि पारा 41 असतानाही अकोल्याच्या 45 पेक्षा जास्त गुदमरते. रात्रही गार होत नाही. गार इमारतीतून बाहेर पडताच चष्म्यावर वाफ धरते. त्या दिवसांत शहर म्हणजे एका वातानुकूलित इमारतीतून दुसरीत जाणे, एवढेच उरते.

म्हणून नोव्हेंबर ते मार्च हाच काळ खरा. जानेवारीत दिवसा साधारण 24 अंश आणि पहाटे 14-15 असतात. वाळवंटात रात्री स्वेटर लागतो. नाताळ ते नववर्ष आणि त्या सुमाराचा दुबई शॉपिंग फेस्टिव्हल, यांत हॉटेलचे दर चढतात. शेती असलेल्या घरांना कापसाची वेचणी आणि तुरीची सोंगणी आटोपल्यावरचा काळ मोकळा मिळतो, पण सध्या त्याच सुमारास रमजान येतो. चांद्र कालगणनेमुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2027 मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होईल. त्या महिन्यात शहर बंद नसते, उपाहारगृहे चालू असतात, पण दिवसा रस्त्यात खाणेपिणे टाळायचे असते आणि बऱ्याच ठिकाणांच्या वेळा बदलतात. संध्याकाळनंतर मात्र शहर वेगळ्याच उत्साहाने जागते. ते बघायला मुद्दाम जावे इतके चांगले असते. सगळे जमवून पाहता नोव्हेंबरचा उत्तरार्ध सर्वांत निर्धास्त.

कागदपत्रांकडे तीन महिने आधी वळावे. अमरावती विभागाचे पासपोर्टचे काम नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाच्या अखत्यारीत येते. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या दिवसापासून किमान सहा महिने उरलेली असावी. जुन्या पासपोर्टांत एक अडचण हमखास निघते: नुसते नाव, आडनाव नाही. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर 2022 पासून असे एकेरी नाव पर्यटक व्हिसासाठी नाकारायला सुरुवात केली. गावाकडच्या वडीलधाऱ्यांच्या पासपोर्टवर हे आधी तपासावे. दुरुस्तीला वेळ लागतो. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा असतो, म्हणजे ठराविक देशांत जाण्यापूर्वी सरकारी परवानगी लागते. अमिराती अशा 18 देशांपैकी एक आहे. मात्र ती परवानगी नोकरीसाठी जाणाऱ्यांना लागते, पर्यटकाला नाही. परतीचे तिकीट आणि हॉटेलची नोंद जवळ असली म्हणजे इमिग्रेशनच्या खिडकीवर खुलासा करणे सोपे जाते. व्हिसा 30 किंवा 60 दिवसांचा असतो आणि तो विमानकंपनी, हॉटेल किंवा प्रवासी एजन्सीमार्फत ऑनलाइन निघतो. 2024 च्या अखेरीपासून परतीचे तिकीट आणि राहण्याचा पुरावा यांची तपासणी कडक झाली आहे. प्रवास विमा जरूर घ्यावा. जून 2025 मध्ये प्रादेशिक संघर्षामुळे आखातातली हवाई हद्द काही तास बंद झाली होती आणि हजारो प्रवासी अडकले होते.

बॅग भरताना स्वयंपाकघराकडे विशेष लक्ष हवे. अमिरातीत खसखस प्रतिबंधित आहे, कारण ती अफूच्या बोंडातून येते आणि तिथला कायदा तिला अमली पदार्थांतच धरतो. दिवाळीच्या सुटीत नातेवाइकांकडे फराळ न्यायचा तर अनारसे घरीच ठेवावेत. ते खसखशीवरच थापलेले असतात. करंजीच्या सारणात आणि काही घरगुती मसाल्यांतही ती असते. विड्याची पाने, सुपारी, खर्रा आणि गुटखा यांवरही बंदी आहे; विदर्भात खर्ऱ्याची पुडी खिशात राहून जाणे नवल नाही, म्हणून निघण्यापूर्वी खिसे आणि पर्सचे कप्पे रिकामे करावेत. औषधांचे तेच. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, ट्रामाडॉल, झोपेच्या काही गोळ्या यांसाठी तिथल्या सरकारची पूर्वपरवानगी लागते. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्याव्यात. तिथले प्लग तीन चौकोनी पिनांचे असल्याने अ‍ॅडॅप्टर लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून संदेश जातात, पण कॉल आणि व्हिडिओ कॉल लागत नाहीत; घरच्यांशी बोलण्यासाठी बोटिमसारखे परवानगी असलेले अ‍ॅप निघण्याआधीच दोन्हीकडे उतरवून घ्यावे.

मुक्कामासाठी थोड्या दिवसांच्या प्रवाशाने बर दुबई, करामा किंवा डेरा निवडावे. समुद्रकाठची चकचकीत हॉटेले पाहून मरिना भागात खोली घेतली तर रोजचे दोन तास जाण्यायेण्यात जातात. बर दुबईत शराफ डीजी (पूर्वीचे अल फहिदी) किंवा बुर्जुमान मेट्रो स्थानकाजवळ राहिले की खाडी पायी अंतरावर, जेवण दारात. शाकाहारी थाळीपासून पोळी-भाजीपर्यंत सर्व काही मिळते. पर्यटन शुल्क म्हणून प्रत्येक खोलीमागे रोज 7 ते 20 दिरहम हॉटेलात वेगळे द्यावे लागतात. पॅकेजमध्ये ते बहुधा धरलेले नसतात.

दुबईशी वऱ्हाडाचे एक जिवंत नाते आहे. मसाले आणि किराणा यांच्या व्यापारात नाव कमावलेले धनंजय दातार यांच्या बालपणाची काही वर्षे अमरावती जिल्ह्यातल्या शिरखेडला आजीकडे गेली. त्यांच्या वडिलांनी 1984 मध्ये दुबईत छोटे किराणा दुकान थाटले, त्यातूनच पुढे अल आदिल ही साखळी उभी राहिली. त्या दुकानांत ज्वारीच्या पिठापासून पापडापर्यंत भारतीय घराला लागणारा सगळा किराणा मिळतो. म्हणून पंधरा किलो खाऊची पिशवी नेण्याची गरजच नसते.

शहराची ओळख मनोऱ्यांपासून नव्हे, खाडीपासून करून घ्यावी. पहिल्या दिवशी दुपारी पोचून ऊन उतरल्यावर अल फहिदी वस्तीत जावे. इथल्या मातीच्या रंगाच्या घरांवर चौकोनी वातमनोरे आहेत. इराणच्या बस्तक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांनी ही पद्धत आणली, म्हणून वस्तीला बस्तकिया असेही नाव होते. मनोऱ्याच्या चारही बाजू उघड्या आणि आत कर्णाकृती भिंती: वारा कोणत्याही दिशेने आला तरी तो अडून खाली खोलीत उतरतो, आणि तापलेली हवा दुसऱ्या बाजूने वर निघून जाते. मनोऱ्याखाली उभे राहिले की मानेवर झुळूक स्पष्ट जाणवते. वीज येण्यापूर्वी या किनाऱ्यावर माणसे कशी राहिली, याचे उत्तर तिथे मिळते. शेजारचा अल फहिदी किल्ला 1787 च्या सुमाराचा, शहरातली सर्वांत जुनी उभी वास्तू.

तिथून पाच-दहा मिनिटांवर खाडीचा धक्का. पलीकडच्या डेऱ्याला जायला लाकडी अब्रा असतात. भाडे एक दिरहम, तिकीट नाही. पैसे नावाड्याच्या हातात द्यायचे. मधोमध एक लांब बाक, त्यावर प्रवासी दोन्हीकडे पाय सोडून पाठीला पाठ लावून बसतात. इंजिन त्यांच्या पायांशीच धडधडत असते. कामावरून परतणारे मजूर, पिशव्या घेतलेल्या बायका, कॅमेरेवाले पर्यटक सगळे एकाच बाकावर. काठाला अजूनही लाकडी मालवाहू गलबते लागतात, आणि फ्रिज, टायर, चहाची खोकी धक्क्यावर रचलेली दिसतात. हाच दुबईचा मूळ धंदा. मोत्यांचा व्यापार 1930 च्या दशकात जपानी संवर्धित मोत्यांमुळे कोसळला; तेल सापडले ते 1966 मध्ये. त्याआधीच, गाळाने भरत चाललेली खाडी उपसून मोठ्या जहाजांना वाट करून देण्याचा निर्णय दुबईचे शासक शेख रशीद यांनी कर्ज काढून घेतला होता. भारताशी संबंध तर इतका निकटचा की 1966 पर्यंत या किनाऱ्यावर रुपयाच चालत होता. 1959 पासून रिझर्व्ह बँकेने त्यासाठी वेगळ्या ‘गल्फ रुपया’च्या नोटा काढल्या होत्या. 1966 मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि आखाती राज्यांनी तो सोडला. 2 डिसेंबर 1971 रोजी संयुक्त अरब अमिराती स्थापन झाली आणि 1973 मध्ये दिरहम आला. हे माहीत असले की खाडीकाठचा मसाल्यांचा बाजार नुसता खरेदीचा राहत नाही.

दुसरा दिवस नव्या शहराला द्यावा. चालकाविना धावणारी मेट्रो 9 सप्टेंबर 2009 रोजी सुरू झाली. नोल कार्ड घेऊन त्यात पैसे भरले की मेट्रो, बस, ट्राम सगळीकडे तेच चालते. महिला आणि मुलांसाठी डबा राखीव असतो. डब्यात आणि स्थानकात खाणेपिणे, च्युइंगम चघळणेसुद्धा दंडास पात्र आहे; लहान मुलांना आधी खाऊ घालूनच निघावे. बुर्ज खलिफा 828 मीटर उंच, 4 जानेवारी 2010 रोजी खुला झाला. वर जाण्याचे तिकीट वेळेप्रमाणे महाग-स्वस्त होते, सूर्यास्ताचे सर्वांत महाग. ते आधीच ऑनलाइन काढावे. कारंजी आणि मनोरा खालून बघायला काहीच लागत नाही, आणि चार जणांच्या कुटुंबाने तेवढ्यावर समाधान मानले तरी फार काही हुकत नाही. मेट्रो स्थानकापासून दुबई मॉलपर्यंतचा बंद पूलच पाऊण किलोमीटरहून लांब आहे. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांसाठी टॅक्सी बरी. झबील बागेतली 150 मीटर उंच दुबई फ्रेम याच दिवशी होते. तिच्या एका बाजूने खाडीकडचे जुने शहर आणि दुसऱ्या बाजूने शेख झायेद रस्त्यावरची मनोऱ्यांची रांग दिसते, म्हणून आदल्या दिवशी खाडी पाहिलेल्यांना ती जास्त भावते.

या सगळ्या शहराला पाणी पुरते ते समुद्राचे. जबल अलीच्या किनाऱ्यावर वीजकेंद्राची उष्णता वापरून समुद्राचे पाणी उकळून, वाफ धरून गोडे केले जाते. अलीकडे पडद्यातून गाळण्याच्या पद्धतीवर भर आहे. दर्यापूर, तेल्हारा अशा खारपाणपट्ट्यातल्या वाचकाला या खटाटोपाचे मोल वेगळे सांगायला नको.

तिसऱ्या दिवशी अबुधाबी किंवा वाळवंट, दोन्हींपैकी एक. अबुधाबी सुमारे 140 किलोमीटरवर. बर दुबईच्या अल घुबैबा स्थानकावरून बस जाते. वाटेत अबू मुरेखा इथे 14 फेब्रुवारी 2024 रोजी उद्घाटन झालेले बीएपीएस स्वामिनारायण मंदिर आहे. राजस्थानचा गुलाबी वालुकाश्म, आत इटालियन संगमरवर, आणि सात अमिरातींचे द्योतक म्हणून सात शिखरे. मंदिर हमरस्त्यापासून आत असल्याने ते आणि शेख झायेद मशीद एका दिवसात करायची तर गाडी ठरवावी. मशिदीला प्रवेश मोफत, पण वेळ आधी ऑनलाइन नोंदवावी लागते. स्त्रियांनी डोके आणि पूर्ण अंग झाकलेले असावे, पुरुषांना अर्धी चड्डी चालत नाही. 82 घुमटांची ही पांढरी वास्तू संध्याकाळी दिवे लागताना पाहावी. वाळवंट निवडले तर गाडी दुपारी तीनच्या सुमारास हॉटेलवरून नेते. टेकड्यांवरून गाडी उडवण्याचा प्रकार पाठीचे दुखणे असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी टाळावा; तसे आधी सांगितले की थेट तंबूपर्यंत नेतात.

पैशांची व्यवस्था सोपी आहे. दिरहम डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला असल्याने रुपयाची चढउतार डॉलरवरून कळते. थोडी रोकड आणि एक फॉरेक्स कार्ड पुरते. भारतीय नोटा 25,000 रुपयांपर्यंतच बाहेर नेता येतात. रस्ता कुठेही ओलांडू नये, 400 दिरहम दंड आहे. अनोळखी स्त्रियांचे फोटो काढणे, समाजमाध्यमांवर कुणाला शिवीगाळ करणे, हे तिथे गुन्हे ठरतात.

उरतो सोन्याचा प्रश्न, आणि लग्नघरांत तोच पहिला निघतो. डेऱ्याच्या सोनेबाजारात दिवसाचा भाव सर्व दुकानांत सारखाच लागतो. घासाघीस होते ती घडणावळीवर, म्हणून तीन-चार दुकाने फिरल्याशिवाय घेऊ नये. तिथल्या 5 टक्के व्हॅटचा बराचसा भाग पर्यटकाला परत मिळतो, पण दुकानातच पासपोर्ट दाखवून नोंद करावी लागते आणि विमानतळावर बॅग देण्यापूर्वी ती तपासून घ्यावी लागते. गैरसमज होतो तो पुढे. भारतात दागिने करमुक्त आणण्याची सवलत वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्यांना आहे, चार दिवसांच्या पर्यटकाला नाही. त्याने आणलेले सोने कस्टम्सला जाहीर करून शुल्क भरायचे; लपवलेले पकडले तर जप्त होते. शुल्क धरून हिशेब केला तर अकोल्याच्या सराफ्यातून घेतलेले सोने बहुतेक वेळा महाग पडत नाही. अंगावरच्या पाटल्या, गोफ असे भारी दागिने घालून जाणाऱ्यांनी जातानाच भारतीय कस्टम्सकडून त्यांचे निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे, म्हणजे परतीच्या वेळी ते घरचेच आहेत हे सिद्ध करण्याची पाळी येत नाही.